तीन घरांचं एक टपाल

"आता माझं टपाल कोणी चुकवूनच दाखवावं!"

मोहाडीच्या धानाच्या दुकानात बसून केशवरावांनी असं आव्हान दिलं. ते नेमकं कोणाला दिलं, हे समोरच्या गिऱ्हाइकाला कळलं नाही. त्याला फक्त पोतं पाठीवर चढवून हवं होतं.

केशवरावांची अडचण अशी, की माणूस एक आणि घरं तीन! दुकान मोहाडीला. बायको रत्नाबाई आणि लेक चंद्रकांता पवनीला. शेती दिघोरीला, ती धाकटा भाऊ तुलाराम पाहायचा. केशवराव एसटीनं या तिन्हींत फेऱ्या मारत, आणि ज्या घरी पत्र यायचं त्या घरी ते हटकून नसत. गेल्या साली चंद्रकांतेला आलेलं एक चांगलं स्थळ असंच हातचं गेलं. पत्र दिघोरीला पडून राहिलं, आणि मुलगा तिकडे साकोलीत बोहल्यावर चढला!

टेलिफोन तेव्हा फक्त ठाण्यात आणि तहसिलीत. म्हणून केशवरावांनी स्वतःची पद्धत काढली. कोणत्याही घरी कार्ड आलं, की त्याच्या दोन नकला करून उरलेल्या दोन घरी धाडायच्या. नक्कल हुबेहूब! आणि एका घरी कार्ड फाडलं, की तिन्ही घरी फाडायचं. केशवराव कुठंही बसोत, सगळं टपाल त्यांच्यापुढे!

"अन् दादा, काई समजलं नाही तं?" तुलारामनं विचारलं.

"तुले समजाचं कामच नाही! उतरवायचं अन् धाडायचं. डोकं मी चालवतो."

तुलाराम फार आज्ञाधारक होता. तेच पुढे नडलं.

लाखनीच्या भय्याजींचा टेकचंद शाळेत मास्तर. स्थळ असं, की रत्नाबाई नुसतं नाव निघालं तरी डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. त्या भय्याजींचं कार्ड दिघोरीला आलं. 'येत्या गुरुवारी सकाळी मुलगी पाहायला पवनीस येतो.' शुभकार्याचं म्हणून कोपऱ्याला हळद! तुलारामनं कार्ड खाटेवर ठेवलं आणि तो पेन शोधायला आत गेला. तेवढ्यात बकरीनं हळदीचा कोपरा खाल्ला. बाकीचं कार्ड तिला पसंत पडलं नाही.

तुलारामनं उरलेलं कार्ड उलटसुलट पाहिलं. नक्कल हुबेहूब पाहिजे! त्यानं दोन कार्डं वळणदार अक्षरात उतरवली, मग बकरीच्या दातांच्या मापानं दोन्हींचा कोपरा फाडला आणि पोस्टाच्या पेटीत सोडली.

आता कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयतीची बातमी, हे कोणाला सांगायला नको. असलं कार्ड घरात घेत नाहीत, दारातच फाडतात. पवनीत पोस्टमननं ते पुढे केलं आणि रत्नाबाई ओरडल्या, "थांब! उंबरा ओलांडू नको! खाली नाव कोनाचं हाय?"

"भय्याजी, लाखनीवाले."

"अरे बाप्पा! गेले! फाड लवकर, फाड!"

शिवणाच्या वर्गातून परतलेल्या चंद्रकांतेनं आईला विचारलं, "पन आई, मेलेल्या मानसानं सोताच कार्ड लिवलं काय?"

"तुले काय मालूम! लय शिस्तीचा मानूस होता बिचारा!"

मोहाडीत बाजाराचा दिवस होता. केशवरावांचं कार्ड न वाचताच वजनाखाली दाबलेलं होतं. एसटीच्या ड्रायव्हरनं पवनीची चिठ्ठी आणून दिली. 'भय्याजी गेले. कार्ड फाडलं. तुमी बी फाडा.' केशवरावांनी आपलं कार्ड ओढलं. कोपरा फाटलेला! दुःख व्हायच्या आधी त्यांना अभिमान वाटला. काय पद्धत आहे! त्यांनी ते न वाचता फाडलं आणि दिघोरीला निरोप धाडला.

तुलाराम निरोप ऐकून जरा घुटमळला. कार्डात तर येतो म्हणून लिहिलं होतं. 'येता येता गेला असन,' असं म्हणत त्यानं मूळ कार्डही फाडलं.

गुरुवारी सकाळी सगळे पवनीच्या अंगणात जमले. लाखनीला भेटायला जायचं होतं. रत्नाबाईंनी गळा मोकळा करायला घरूनच सुरुवात केली होती. तेवढ्यात दारात जीप थांबली, आणि फेटा बांधलेले भय्याजी उतरले. मागून टेकचंद.

रडारड पाहून भय्याजी चरकले. त्यांनी फेटा उतरवला, खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "सावरा बाई, सावरा. जानारा जाते. पन गेलं कोन?"

रत्नाबाईंनी पदराआडून त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हंबरडा फोडला.

"अवो केशवराव, तुमी तरी सांगा! कोन गेलं?"

"तुमी," केशवराव म्हणाले.

"मी? कवा?" भय्याजींनी भीतभीत विचारलं.

मग तुलारामनं बकरीपासून सगळं सांगितलं. भय्याजींचा चेहरा वांग्यासारखा झाला. "चाल रे टेकचंद! जित्या मानसाचं सुतक धरनाऱ्या घरात सोयरीक नाई करायची!"

"अवो, हात जोडा!" रत्नाबाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या. "चुकलो म्हना! पोरीचं जमून राहिलं होतं!"

"काहून जोडू?" केशवराव गरजले. "तिन्ही घरी कार्ड पोचलं! तिन्ही घरी सारखंच फाटलं! आता भय्याजी मेलेच नाहीत, त्याले माझी पद्धत काय करन?"

भय्याजी जीपकडे निघाले. चंद्रकांता पाण्याचा तांब्या घेऊन आडवी आली.

"पानी तरी पेऊन जा जी. मी घरी असती तं हे झालंच नसतं."

"तू काय केलं असतं?"

"फाडायच्या आधी वाचलं असतं."

भय्याजी थबकले. पोरीकडे पाहिलं. मग केशवरावांकडे, रत्नाबाईंकडे, तुलारामकडे एकेक नजर टाकली, आणि तांब्या हाती घेऊन परत बसले.

"टेकचंद, बस रे. हे पोट्टी या घरातून लवकर काढली पाहिजे!"

लग्न झालं. सोयरीक आपल्या पद्धतीमुळेच जमली, असं केशवराव आजही छातीठोक सांगतात. व्याह्यांनी मात्र त्यांना पुन्हा कधी कार्ड टाकलं नाही. काही कळवायचं असलं, की भय्याजी स्वतः येतात आणि आत शिरण्याआधी फाटकातूनच ओरडतात, "जिता आहो जी!"