न्हाणीचं दार आणि गावाचं बाकडं

सुताराला यापुढे उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असं हरिश्चंद्रांनी निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी जाहीर केलं. छत्तीस वर्षं पंचायत समितीच्या कचेरीत त्यांनी लोकांची कामं या टेबलावरून त्या टेबलावर सरकवली होती. आता घरातलं प्रत्येक काम स्वतःच्या हातांनी आणि ताबडतोब व्हायचं होतं.

“देवान माणसाक हात कित्याक दिले हत?” त्यांनी बायकोला विचारलं.

“भांडी घासूक,” कावेरी म्हणाली. तेव्हा तिच्या हातात कढई होती.

हरिश्चंद्रांनी उत्तर मनावर घेतलं नाही. कुडाळला जाऊन त्यांनी रंधा, ड्रिल मशीन आणि तीन निरनिराळ्या करवती आणल्या, आणि मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यात एक दाढीवाला परदेशी माणूस सात मिनिटांत कपाट करून दाखवायचा. आपल्या बाबू सुताराला तेवढ्याच कपाटाला आठ दिवस लागतात, यावरून हरिश्चंद्रांनी बाबूबद्दल काय ते ओळखलं.

त्यांचा दुसरा छंद अन्याय. करायचा नव्हे, शोधायचा. आचऱ्याच्या अलीकडे त्यांची वाडी, वाडीच्या तिठ्यावर एसटीचा थांबा आणि थांब्यासमोर चहाचं दुकान. संध्याकाळी तिथे वाडीचे हे ‘नाना’ बसले की जगातला एकही अन्याय त्यांच्या हातून सुटत नसे. उखडलेल्या रस्त्यात अन्याय होता, रेशनच्या तांदळात होता, जात बघून मिळणाऱ्या पाण्यात तर होताच होता. कोणत्याही पक्षाला ते सोडत नसत, त्यामुळे दोन्ही पक्षांचे लोक त्यांचा आदर करत आणि थोडं लांब बसत. “अन्याय दिसलो की माणसान उगी रवता नये,” हे त्यांचं शेवटचं वाक्य. ते झालं की माणसं चपला शोधायला लागत.

आषाढात त्यांच्या न्हाणीचं दार खालून घासायला लागलं. दार फणसाचं, कावेरीच्या सासऱ्यांच्या वेळचं, एकट्याने उचलून दाखवावं असं. खालची चार बोटं तेवढी पाण्याने कुजली होती.

“बाबूक बोलवा,” कावेरी म्हणाली. “तासाचा काम आसा.”

“तासाचा आसा तर मीच करतंय.”

त्यांनी दार बिजागऱ्यांतून काढून घरापुढच्या खळ्यात आडवं घातलं आणि कुजलेली चार बोटं कापली. काप जरा तिरका गेला, म्हणून सरळ करायला आणखी दोन बोटं कापली. ती उलट्या बाजूने तिरकी गेली. दुपारच्या चहापर्यंत दार सरळ झालं, पण चौकटीत धरून पाहिलं तर खाली हातभर मोकळं राहत होतं.

कावेरीने वाकून त्या मोकळ्या जागेतून पलीकडे पाहिलं. “ह्या दार कोंबड्यांसाठी केलात काय?” तिने विचारलं.

“दोन दिवस थांब. नवा करतंय.”

“जत्रेक सलोनीची सासू येतली,” कावेरी म्हणाली. सलोनी त्यांची मुलगी, गेल्या वैशाखात लग्न झालेली, आणि तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच मुक्कामाला यायची होती. “व्ह्यायी, विहीण, नणंद. दोन दिवस रवतली. तेच्याआदी माका दार होया. बाकी काय नको.”

“जत्रेक चार म्हयने आसत,” हरिश्चंद्र म्हणाले. कचेरीत हे वाक्य त्यांनी अनेकांना ऐकवलेलं होतं.

कावेरीने न्हाणीला जुनं लुगडं बांधलं. खाली दोन नारळ ठेवले की ते उडत नसे, म्हणजे वारा नसला तर. ती उजाडायच्या आत आंघोळ उरकू लागली. शेजारी कोणाला सांगायची सोय नव्हती. चांगल्या नोकरदाराच्या घरात न्हाणीला दार नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या लुगड्याकडे पाहिलं की तिला रडू येण्याइतका राग येई, आणि तो गिळून ती चहा करायला जाई.

आता ते आखूड दार खळ्यात पडून राहिलं. हरिश्चंद्रांना येता-जाता ते दिसायचं, आणि दिसलं की आपलं चुकलं असं वाटायची भीती असायची. अशा वेळी त्यांना तिठ्यावरचा अन्याय दिसला. थांब्याचा सिमेंटचा कट्टा एकच, आणि त्यावर सकाळपासून पक्षांचे कार्यकर्ते बसलेले. मासळीची पाटी घेऊन येणारी सुभद्रा तासतासभर उभी. म्हाताऱ्या बायका उभ्या. हरिश्चंद्र एकदम पेटले. त्यांनी घरी येऊन दार उभं चिरलं. एक फळी बसायला, दुसरी टेकायला. पाय माळ्याच्या जुन्या वाशांचे केले. अकरा दिवसांत बाकडं तयार झालं. चार पायांतला एक जरा आखूड होता, पण तिठ्यावर दगडांना तोटा नव्हता. पाठीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने लिहिलं: ‘सर्वांसाठी. जात, पक्ष विचारू नये.’

खरं सांगायचं तर बाकडं चांगलं झालं होतं. सुभद्रा पहिल्यांदा बसली तेव्हा “बरा वाटता हा नानांनू,” एवढंच म्हणाली, आणि हरिश्चंद्रांचे डोळे भरून आले. लाकूड कुठलं, असं तिने विचारलं. घरात पडून होतं, असं त्यांनी सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं.

न्हाणीकडेही त्यांचं लक्ष होतं, हे सांगायला हवं. दिवाळीआधी त्यांनी प्लायवूडचं दार केलं, आणि तेही साधं नाही, सरकतं. व्हिडिओतलं दार एका बोटाने सरकत होतं. हे पहिल्या दिवशी आत सरकलं आणि प्लाय पाणी पिऊन फुगल्यावर बाहेर सरकेना. कावेरी आत होती. तिने हाका मारल्या, पण हरिश्चंद्र तेव्हा तिठ्यावर बायकांना घरात कसं कोंडून ठेवलं जातं यावर बोलत होते. दीड तासाने तिने बादलीने प्लाय फोडला आणि बाहेर आली. लुगडं परत बांधलं गेलं.

इकडे बाकड्याचं भाग्य उजळत होतं. एका सकाळी त्याच्या मागे फलक लागला: ‘प्रवाशांसाठी आसनव्यवस्था, आमच्या प्रयत्नांतून.’ फलकावर गुरुप्रसाद हात जोडून उभा होता. गुरुप्रसाद एका पक्षाचा विभागप्रमुख. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी त्याहून हातभर मोठा फलक लागला. त्यावर दुसऱ्या पक्षाचा विश्वेश बाकड्याकडे बोट दाखवत होता आणि खाली ‘शब्द दिला, शब्द पाळला’ असं होतं. शब्द कोणी कोणाला दिला होता ते हरिश्चंद्रांनाही कळलं नाही.

“बाकडा माझा आसा,” असं त्यांनी दोघांना सांगून पाहिलं.

“नाना, तुमचाच आसा,” गुरुप्रसाद म्हणाला. “आमी खंय नाय म्हणतो? प्रयत्न फकत आमचे.”

विश्वेशने त्यांना ‘मार्गदर्शक’ म्हणून फलकावर घ्यायची तयारी दाखवली. हरिश्चंद्रांनी एक फोटो काढून ठेवायला हरकत घेतली नाही.

आठवडाभरात प्रकरण ग्रामसभेत गेलं. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. शेवटी ठरलं की बाकडं गावाचं, पाय सिमेंटमध्ये पक्के करायचे, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी दोन्ही पक्षांच्या हस्ते लोकार्पण करायचं. हरिश्चंद्र छाती फुगवून घरी आले.

“उद्या कार्यक्रम आसा,” एके दिवशी ते म्हणाले. “नारळ फुटतलो. सत्यवान देवाक गाऱ्हाणा घालतलो.”

“आणि परवा विहीण येतली,” कावेरी म्हणाली.

“तां माका ठावक आसा. उद्या कार्यक्रम झालो की रात्रीक बसतंय आणि दार...”

“नको,” कावेरी म्हणाली. “तुमी बसा नको.”

कार्यक्रमाला गाव लोटला. बाकड्याला झेंडूची माळ, दोन्ही टोकांना दोन पक्षांचे झेंडे, मध्ये समतोल राखून सुभद्राला बसवलेलं. देवस्थानचे मानकरी सत्यवान नारळ घेऊन पुढे आले. त्यांचं वय ऐंशी, पण गाऱ्हाण्याला आवाज असा की पलीकडच्या वाडीतली माणसं घरात बसून मान डोलवत. रीत ठरलेली. ज्याला देवाच्या कानावर काही घालायचं असेल त्याने सत्यवानांच्या कानात सांगायचं, सत्यवानांनी डोळे मिटून ते मोठ्याने मांडायचं, आणि प्रत्येक ओळीला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं असल्यामुळे ते म्हणायला कोणाला विचार करावा लागत नाही.

“बा देवा म्हाराजा!” सत्यवानांनी सूर लावला. “आज ह्या बाकडा गावान बसवल्यान आसा. जो कोण तेच्यार बसात, तेची गाडी येळेर येवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गुरुप्रसाद वाकून कानात काहीतरी बोलला.

“गुरुप्रसादाचो पक्ष येत्या निवडणुकीक निवडान येवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” विश्वेशही म्हणाला. म्हटल्यावर त्याला कळलं, आणि तो घाईघाईने पुढे वाकला.

“विश्वेशाचो पक्षय निवडान येवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हणणाऱ्यांत गुरुप्रसाद होता.

मग बायकांच्या घोळक्यातून कावेरी पुढे आली. पदर सावरून ती सत्यवानांच्या कानाशी लागली आणि बराच वेळ बोलली. बायको बाकड्यासाठी आशीर्वाद मागते आहे हे पाहून हरिश्चंद्रांना गहिवरून आलं. सत्यवानांनी दोनदा ‘काय?’ विचारलं, मान हलवली आणि डोळे मिटले.

“ह्या बाकड्याचा लाकूड म्हणजे हरिश्चंद्राच्या न्हाणीचा दार आसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज विरला आणि मग लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सुभद्रा बसल्या जागी थोडी पुढे सरकली.

“त्या न्हाणीक चार म्हयने दार नाय म्हाराजा! घरची बाई लुगड्याचो पडदो धरून आंघोळ करता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बायकांचा आवाज आता पुरुषांच्या वर गेला होता.

हरिश्चंद्रांना दोन पावलं मागे जायचं होतं, पण मागे गर्दी होती. त्यांना लाज वाटली. नुसती लोकांसमोर वाटते तशी नव्हे. चार महिने रोज पहाटे नारळ सरकवण्याचा आवाज त्यांनी अंथरुणातून ऐकला होता आणि कुशीवर वळले होते, ते त्यांना एकदम आठवलं.

“उद्या व्ह्यायी येतत म्हाराजा! आज दिवो लागाच्या आदी बाबू सुताराच्या हातान न्हाणीक दार बसांदे, बाबूक उंबऱ्याभितर येवांदे, आणि हरिश्चंद्राच्या हातात परत करवत घेवची बुद्धी होव नये, असा कर रे म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा’ असा काही उठला की थांब्यावरची कबुतरं उडाली. दोन्ही झेंड्यांखालून तो सारख्याच जोराने आला. आणि त्यात एक खणखणीत आवाज हरिश्चंद्रांचा होता. साठ वर्षांची सवय. तोंड आवरेपर्यंत म्हणून झालं होतं.

सत्यवानांनी नारळ फोडला. आता काही करता येण्यासारखं नव्हतं. हरिश्चंद्रांनी गर्दीत बाबू सुताराला शोधलं. “बाबू, सांजपर्यंत दार होयत काय रे?” त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

“झालाला आसा,” बाबू म्हणाला. “वयनीन माप दिल्यानी तेका पंधरा दिवस झाले. माझ्या घरामागच्या मांगरात उभा आसा. तुमी उंबऱ्याभितर घेवचा नाय म्हणान सांगलेलात, म्हणान रवलय.”

दार आणायला गुरुप्रसादने आपला टेम्पो दिला. टेम्पोत चढवायला विश्वेशने आपली माणसं दिली. ती सगळी माणसं खळ्यात उभी राहून दार बसताना बघत होती, कारण देवाला शब्द गेला होता आणि तो पुरा झालेला बघणं गावाचं काम होतं. बाबूला तास लागला. चहा कावेरीने केला, कप हरिश्चंद्रांनी फिरवले. करवती कोणीतरी मोजून बाबूच्या पिशवीत घातल्या. पिशवीचं तोंड हरिश्चंद्रांनीच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. आंघोळ करून बाहेर आल्यावर त्यांनी दार दोनदा उघडून आणि लावून पाहिलं.

“छान आहे हो दार. अगदी बेताचं बसलंय,” त्या म्हणाल्या. “सलोनी सांगत होती, घरातलं सगळं व्याहीबुवा स्वतःच्या हातांनी करतात म्हणून. हेही तुम्हीच केलंत का?”

हरिश्चंद्रांनी कावेरीकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. तिने वर बघितलं नाही.

“नाही,” हरिश्चंद्र म्हणाले. “मी फक्त होय म्हटलं.”