मयत बन्सीचं म्हणणं

पारनेर तालुक्यातला बन्सी बायकोशी भांडून सुरतेला गेला आणि समजूत काढायला कुणी आलं नाही, म्हणून रुसून तिथंच एका कापड गिरणीत राहिला. काही वर्षांनी राग ओसरला. गावी परतला, तर घरात त्याच्या फोटोला हार होता आणि त्याच्या खुनाबद्दल फैयाज टेम्पोवाला जन्मठेप भोगत होता.

"अगं, मी जिता हाय," बन्सी म्हणाला.

बायको पुष्पावतीनं टीव्हीचा आवाज कमी केला. "ते दिसतंय मला. पन लई उशीर केला तुमी."

प्रकरण सरळ होतं. भांडून निघाला त्या दिवशी बन्सीला केडगावपर्यंत फैयाजनं टेम्पोतून सोडलं होतं. पुढं एका विहिरीत ओळख न पटणारं प्रेत सापडलं. पोलिसांचा तपास सुरू होण्याआधी 'ठसका' वाहिनीचा संपलाही होता. टेम्पोतल्या लाल डागांवर निवेदिका मोनिका आठवडाभर थरथरत बोलली. डाग टोमॅटोचे आहेत, असं फैयाजनं सांगितल्यावर तिनं विचारलं, "टोमॅटोच का?" न्यायालयात साक्षीदारांनी जे पाहिलं तेच सांगितलं. आणि त्यांनी 'ठसका' पाहिलं होतं.

बन्सी पोलीस ठाण्यात गेला. साहेबांनी त्याला अदबीनं खुर्ची दिली.

"आपलं म्हणणं मान्य आहे," ते म्हणाले. "पण मयताच्या वतीनं अर्ज वारसानं करायचा असतो. मयतानं परस्पर येणं नियमात बसत नाही."

तेवढ्यात वाहिनीचं बोलावणं आलं. चर्चेचा विषय होता, 'बन्सी जिवंत आहे का?' चर्चेत एक निवृत्त अधिकारी, एक ज्योतिषी आणि दुसऱ्या बाजूनं बन्सी. प्रेक्षकांचा कौल प्रचंड बहुमतानं 'नाही' असा पडला. बन्सीनं तोंड उघडलं आणि जाहिराती लागल्या. त्यानंतर खुनाचं नाट्यरूपांतर दाखवलं. बन्सीचं काम करणारा नट देखणा होता, हात जोडून विनवत होता. बघता बघता बन्सीला रडू फुटलं.

"लई हाल करून मारलं हो मला," तो मोनिकाला म्हणाला.

अखेर फैयाजच्या वकिलानं वरच्या न्यायालयात त्याला उभं केलं. न्यायमूर्तींनी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं न्यायमूर्तींकडं पाहिलं, आणि फैयाज निर्दोष सुटला. 'ठसका'नं ठळक पट्टी चालवली: 'आमच्या बातमीचा दणका'.

सुटल्यावर फैयाज पहिल्यांदा बन्सीच्याच दारात आला. टेम्पो बाहेर उभा होता.

"बन्सीभाऊ, तुमी जिते असावं म्हनून जेलात रोज दुवा मागत हुतो," तो म्हणाला. "बाजाराला निघालाय ना? चला, सोडतो."

बन्सी एक पाऊल मागं सरला. "नगं. मी यस्टीनं जाईन."

फैयाज मान हलवून निघून गेला.

"जायचं हुतं की," पुष्पावती म्हणाली. "त्यानं कुठं काय केलंय?"

"मला म्हाईत न्हाई व्हय? मी सोता जिता हाय," बन्सी कडी लावत म्हणाला. "पन इतके दिस टीव्हीवर दाखवत हुते. मला न्हाई तर न्हाई, दुसऱ्या कुनाला तरी मारलंच असंल त्यानं."

फैयाज आता शेवगावकडं भाडी शोधतो. लोक त्याला लगेच ओळखतात, हौसेनं फोटो काढून घेतात, टेम्पोत मात्र बसत नाहीत. तुम्ही सुशिक्षित आहात, तुम्ही बसाल. फक्त बसण्याआधी घरी फोन करून गाडीचा नंबर तेवढा कळवाल.