नसलेल्या माशांचे काका

जगदाळेकाका रोज संध्याकाळी माशांना जेवायला घालतात. चिमटीत खाऊ घेतात, काचेच्या मोठ्या पेटीवर वाकतात, "या भिया, या, लाजू नका" म्हणत तो पाण्यावर भुरभुरवतात आणि चष्मा सावरून कौतुकाने बघत उभे राहतात. पेटीत एकही मासा नाही. कधी नव्हताच.

मी इंदूरच्या सुदामा नगरात राहायला आले त्या दिवशी घरमालकीण शोभावहिनींनी मला नळाची वेळ सांगितली, कचरागाडीची वेळ सांगितली आणि समोरच्या घराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिथे मासे कुठे आहेत असं विचारू नकोस. तुझे दोन तास गेलेच समज." मी साताऱ्याची. विजय नगरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. विचारू नकोस म्हटल्यावर मी विचारणारच. त्याच संध्याकाळी विचारलं आणि दोन तास गेले.

त्या दोन तासांचं सार असं. ही पेटी समुद्रातल्या माशांची आणि पोवळ्यांची. पाणी नीट गाळून त्यात खास मीठ घालायचं, दगड रचायचे, छोट्या पंपाने लाटा उठवायच्या. पण असं नवं पाणी कच्चं असतं. त्यात मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीने मरतो, कारण घाणीतला अमोनिया खाणारे जंतू पाण्यात अजून नसतात. म्हणून मासे नसतानाच खाऊ टाकायचा, तो सडू द्यायचा, त्यातून अमोनिया तयार होऊ द्यायचा आणि त्यावर जंतू पोसायचे. जंतू पुरेसे वाढले की अमोनिया नाहीसा होतो. मग मासे आणायचे. मासे पाळणारे याला जगभर सायकल म्हणतात. काका म्हणतात, पाणी पिकणं.

"पाणी पिकलं नाही अजून" हे वाक्य ते सगळ्यालाच लावतात. शोभावहिनींचा मुलगा लग्नाला तयार होत नाही, त्याचं पाणी पिकलं नाही. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं आणि कोणाशी बोलत नाही, त्यांचं पाणी पिकलं नाही. माझ्या हिंदीचं तर पिकायची आशाच नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मीही त्यांच्या दगडांना पहिल्याच दिवशी राडारोडा म्हटलं होतं, त्यामुळे फिट्टंफाट झाली. उलट त्यांना ते आवडलं. "ही टेस्टिंगवाली खरं बोलते, भिया," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. भिया, म्हणजे भैया, ते सगळ्यांनाच म्हणतात. मला, भाजीवालीला, गॅसच्या सिलेंडरला आणि त्या नसलेल्या माशांनाही.

काकांचे पणजोबा इंदूरच्या महाराजांच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. त्यांच्याकडून काकांकडे मिशी तेवढी आली, घोडा आला नाही. काकांचं सगळं आयुष्य पोलोग्राउंडच्या औद्योगिक भागात स्वतःच्या वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करण्यात गेलं. लग्न केलं नाही. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "राहून गेलं. एक पंप चालू झाला की दुसरा बंद पडायचा." गुडघे दुखायला लागल्यावर वर्कशॉप विकलं आणि काही महिन्यांनी ही पेटी घरात आली.

पेटीवर सगळ्या गल्लीचा हक्क होता. सल्ले फुकट होते आणि त्यात सगळ्यात पुढे गुप्ताजी, म्हणजे शेजारचे नमकीनवाले. समुद्राचं खास मीठ यायला वेळ लागत होता तेव्हा त्यांनीच सांगितलं की उपासाचं सैंधव सगळ्यात शुद्ध, ते घाला. काकांना ते पटलं. नंतर पेटीच्या दुकानदाराने कपाळावर हात मारला आणि सगळी पेटी रिकामी करून पुन्हा भरावी लागली. गुप्ताजी अजूनही म्हणतात की त्या पाण्यात मासे जास्त सात्त्विक झाले असते.

मग आली सडवण्याची वेळ. इंटरनेटवर लिहिलं होतं की एक कच्ची कोळंबी टाका आणि सडू द्या. गुप्ताजी पक्के शाकाहारी. ते म्हणाले, ज्या दिवशी कोळंबी येईल त्या दिवसापासून मी या घरात पाणी पिणार नाही. म्हणून कोळंबी बाद झाली आणि डब्यातला सुका खाऊ आला. तो कशापासून बनवतात हे काकांनी गुप्ताजींना आजवर सांगितलेलं नाही. तरी शोभावहिनी कुरकुरल्याच. ज्या इंदूरमध्ये कचरागाडी गाणं वाजवत दारात येते आणि ओला-सुका वेगळा केला नाही तर चारचौघांत ऐकवलं जातं, तिथे हा माणूस बैठकीच्या खोलीत मुद्दाम अन्न सडवतोय, म्हणजे काय म्हणावं.

पण कुरकुरत का होईना, यायचे सगळेच. दिवेलागणीला काकांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसे. दगडांवर तपकिरी शेवाळ आलं तेव्हा आम्हाला वाटलं, बिघडलं सगळं. काकांनी मात्र जलेबी वाटली. दगडांनी जीव धरला, असं म्हणाले. दगडाचं बारसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

सगळ्यात मोठा सोहळा तपासणीचा. काका काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घेत, त्यात औषधाचे थेंब टाकत, नळी हलवत आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहत. रंग हिरवा आला तर अमोनिया आहे, पिवळा आला तर गेला, म्हणजे पाणी पिकलं.  मग काका वळत आणि म्हणत, "थोडं हिरवं आहे." सगळे हळहळत. गुप्ताजी म्हणत, सबर करो. आणि काका आत जाऊन पोहे टाकत. त्यावर बचकभर शेव आणि जीरावनचा मसाला पडला की हळहळ कुठल्या कुठे जाई, आणि तासभर गप्पा चालत.

असं बरेच दिवस चाललं. जरा जास्तच दिवस, असं मला वाटायला लागलं, कारण या गोष्टीला किती आठवडे लागतात ते मीही वाचून काढलं होतं. एका संध्याकाळी काका पोहे टाकायला आत गेले तेव्हा मी खिडकीत ठेवलेली नळी उचलली आणि रंगांच्या कार्डाशी धरली. पिवळी. लिंबाच्या सरबतासारखी स्वच्छ पिवळी. दुसऱ्या दिवशीही बघितलं, तेच. काका मात्र दोन्ही दिवस हिरवंच म्हणाले होते.

माझ्यातली चुका शोधणारी बाई खवळली. पाणी पिकलंय, तरी हा माणूस सगळ्या गल्लीला ताटकळत ठेवतो. जिना चढताना मी शोभावहिनींना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्यांना धक्का बसेल. त्या जिन्यातच थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मालूम आहे गं. आम्हाला सगळ्यांना मालूम आहे. गुप्ताजींनी सगळ्यात आधी ओळखलं."

"मग कोणी बोलत का नाही?"

"बोलून काय होणार? मासे येतील. आणि मग?"

मग त्यांनीच सांगितलं. वर्कशॉप होतं तेव्हा काकांच्या भोवती दिवसभर माणसं असायची. ते विकल्यावर त्यांच्या दाराची घंटी वाजेनाशी झाली. काका फाटकाशी उभे राहायचे आणि पार्सल द्यायला आलेल्या माणसाला बोलण्यात गुंतवायचे. तो बिचारा घड्याळ बघत मागे मागे सरकायचा. शोभावहिनींना ते आपल्या खिडकीतून दिसायचं. आम्हीही कोणी जात नव्हतो तेव्हा, असं त्या म्हणाल्या, आणि पुढे एवढंच, "तूसुद्धा हिरवंच म्हण."

रात्रभर मला काकांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. इतका हसरा, इतका बोलका माणूस. त्याने एवढ्यासाठी रोज खिडकीशी उभं राहून खोटं बोलावं?

दुसऱ्या दिवशी बैठक नेहमीसारखी भरली. काकांनी थेंब टाकले, नळी हलवली, खिडकीशी गेले. आणि का कोण जाणे, त्या दिवशी त्यांनी रंग सांगितला नाही. वळले आणि नळी माझ्या हातात दिली. म्हणाले, आज टेस्टिंगवालीने सांगायचं.

गुप्ताजी खाली बघायला लागले. शोभावहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पिवळंधमक पाणी होतं.

"हिरवं आहे, काका," मी म्हटलं. "थोडंसंच, पण आहे."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडून हळहळ केली. काका मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. पोहे झाले, गप्पा झाल्या, लोक उठले. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तू असं थोडी बोलते, भिया," ते हळूच म्हणाले. "तुला पिवळं दिसलं ना?"

"दिसलं."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना तर माझ्या आधीपासून दिसतंय."

काका खुर्चीत बसले. मिशीवरून हात फिरवत पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मासे आले की लोक एकदा बघणार, फोटो काढणार, जाणार. रोज रोज कोण येते? वाट बघायची आहे तोपर्यंत माणूस येतो."

मला चिडल्याशिवाय माया करता येत नाही. "काका, इतके दिवस आम्ही काय दगड बघायला येतोय?"

काका मग हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले. निघताना मला म्हणाले, रविवारी मोकळी आहेस का, दुकानात जायचंय.

रविवारी दोन मासे आणायला तीन गाड्या गेल्या. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे मासे. परत येताना पिशवी गुप्ताजींनी मांडीवर घेतली होती आणि प्रत्येक गतिरोधकापाशी ते ड्रायव्हरला ओरडत होते. संध्याकाळी सगळी गल्ली बैठकीत जमली. काकांनी मासे पाण्यात सोडले. ते सुळकन एका दगडामागे गेले आणि तिथेच बसले. किती हाका मारल्या, किती खाऊ टाकला, पण बाहेर म्हणून आले नाहीत. पेटीत पुन्हा आपले दगडच दिसत होते.

आम्ही पोहे खाल्ले. गप्पा रंगल्या. बराच वेळ झाला तरी कोणी उठेना. काकांनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि आत जाऊन आणखी पोहे भिजवले.