अभिजात नाटक आणि पाच ‘का’

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ‘अभिजात मराठी नाटक : भवितव्याचा शोध’ या राष्ट्रीय चर्चासत्राला एकूण सात माणसं जमली होती. त्यांतली चार निबंध वाचायला आलेली. आपापला निबंध वाचून, प्रमाणपत्र पिशवीत टाकून ती सटकणार, हे योगिनी काळभोरला अनुभवानं ठाऊक होतं. खुर्च्या मात्र पन्नास मांडल्या होत्या.

योगिनी निगडीच्या त्या महाविद्यालयात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती. प्राचार्य साहेबराव भोंडव्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "चर्चासत्र गाजवा, पूर्णवेळ जागेसाठी तुमचं नाव पुढं करतो. फसलं, तर जूनपासून यायचा त्रास घेऊ नका." आणि याच साहेबरावांनी आज सकाळी झाडून सगळी मुलं चाकणच्या रोजगार मेळाव्याला धाडून दिली होती. विद्यापीठाचे निरीक्षक अकराला येणार होते.

"ज्योतीराम, गेटवर थांबा. जो कोणी हॉल विचारील त्याला थेट आत आणा," ती शिपायाला म्हणाली.

ज्योतीराम बीडचा, सांगितल्या शब्दाला पक्का. दहा मिनिटांत तो धापा टाकत आला. "मॅडम, चाळीस माणसं आणलीत! बसच भरून आलती. गुमान बसायलेत बघा."

राखाडी युनिफॉर्म, पायांत जाडजूड सेफ्टी शूज. माणसं रांगेनं हजेरीवर सह्या करून बसत होती. तळवड्याच्या कारखान्यातली ही मंडळी शेजारच्या इमारतीत सुरक्षा प्रशिक्षणाला निघालेली, हे योगिनीच्या एका नजरेत ध्यानात आलं. त्यांना तसं सांगणं तिचं कर्तव्य होतं. तेवढ्यात साहेबरावांच्या सोबतीनं निरीक्षक डॉ. गणराज इनामदार दारात आले, भरलेला हॉल पाहून "वा!" म्हणाले, आणि योगिनीनं कर्तव्य गिळून टाकलं.

पहिला निबंध पाऊण तास चालला. कामगार हलले नाहीत; कंपनीनं त्यांना याहून लांब भाषणं ऐकवली होती. योगिनीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. एकानं जरी ‘हेल्मेट कधी वाटणार’ म्हणून विचारलं असतं तरी सगळं संपलं असतं.

"कुणाला काही प्रश्न?" अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. कुणाला प्रश्न नसतो, हाही रिवाजच. पण तिसऱ्या रांगेतला एक धिप्पाड सुपरवायझर उठला. खिशावर नाव होतं, रणजीत. योगिनीनं डोळे मिटून घेतले.

"सर, नाटक बंद पडतंय म्हनता, पर तुमी वाय-वाय केलंच न्हाई. आमच्यात मशीन बंद पडलं की पाच वेळा ‘का’ इचारत्यात, मग खरं कारण घावतं. करू का?"

इनामदार खुर्चीत पुढं सरकले. "करा की."

"नाटक का बंद पडतंय?"

"प्रेक्षक येत नाहीत," वक्ते म्हणाले.

"का?"

"रसिकता उरली नाही."

"का?"

"नाटक बघायची सवय गेली."

"का?"

"सवय लावणारे... म्हणजे आम्ही प्राध्यापक... कमी पडलो." वक्ते पाणी प्यायले.

"का? तुमी सवता शेवटचं नाटक कधी बघितलं, सर?"

वक्त्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं, अध्यक्षांनी छताकडं. रणजीतनं मान वळवली. "मॅडम, तुमी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण सकाळपासून एक खोटं पोटात होतं, दुसऱ्याला जागा नव्हती. "अकरा वर्षं झाली," योगिनी म्हणाली. "संध्याकाळी शिकवण्या घेते. नुसत्या तासांवर घर चालत नाही."

साहेबरावांच्या चेहऱ्यावर तिला जून महिना स्वच्छ दिसला.

"घावलं कारण!" रणजीत सरळ फळ्याकडं निघाला. "आता उपाय, जबाबदार मानूस आनि तारीख. ह्ये लिहिल्याबिगर ऑडिटर सोडत न्हाई." त्यानं खडूनं लिहिलं : ‘दर महिन्याला एक जुनं नाटक कॉलेजात करणे.’ "जबाबदार कोन?"

"योगिनी मॅडम," साहेबराव घाईघाईनं म्हणाले. काम अंगावर यायच्या आत दुसऱ्यावर ढकलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"मॅडम पर्मनंट हायत न्हवं?"

"तशा... तासिका तत्त्वावर."

"मग न्हाई चालत. कंत्राटी मानसाच्या नावावर जबाबदारी टाकली की ऑडिटर पयला पॉइंट काढतो. व्हय ना, सर?" त्यानं थेट निरीक्षकांनाच विचारलं.

इनामदारांनी पेनाचं टोपण काढलं. "मुद्दा रास्त आहे. अहवालात काय लिहू, प्राचार्य?"

चाळीस माणसं साहेबरावांकडं बघत होती. "त्यांचं नाव... पुढं पाठवतोच आहोत आम्ही."

"तारीख?" रणजीतनं खडू टेकवला.

साहेबरावांनी तारीख सांगितली. ती फळ्यावर गेली आणि अहवालातही गेली.

जेवणाच्या सुट्टीत योगिनीनं रणजीतला दारात गाठलं. "भाऊ, माफ करा. तुमचा हॉल चुकलाय, हे मला सकाळीच कळलं होतं. मी बोलले नाही."

"आमाला बी पाच मिन्टांत कळलं की."

"मग बसून का राहिलात?"

"शेजारी सात वर्सं एकच पिक्चर दावत्यात. शिडीवरनं मानूस पडतो, त्यो. दारात तुमचा चेहरा बघितला," रणजीत म्हणाला, "म्हटलं, औंदा पडायच्या आधीच धरू एखाद्याला."