उसनी धडधड

हरिश्चंद्र वैद्यांच्या ओटीवर गेला तो बायकोचे दुखणे सांगायला, आणि घरी आला तो स्वतःचे दुखणे घेऊन.

येसूच्या छातीत गणपतीपासून धडधडत होते. विहिरीवरून कळशी आणली की धडधड, भात कांडायला उभी राहिली की धडधड, आणि कधीकधी काहीच न करता चुलीपुढे नुसती बसली, तरी आतून कोणी दार ठोठावावे तशी धडधड. तिने स्वतः वैद्यांकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. बाईमाणसाने वैद्याची पायरी चढली की मांडवी बंदरापर्यंत बोभाटा व्हायचा. रीत अशी की नवऱ्याने जावे, खालच्या आवाजात लक्षणे सांगावीत आणि पुड्या घेऊन यावे. रीत सोपी होती. अवघड होता तो हरिश्चंद्र.

आईबापांनी त्याचे नाव सत्यवचनी राजावरून ठेवले होते. खोटे बोलण्याचा त्याला धीर नव्हता हे खरे. पण खरे बोलण्याचाही नव्हता. आगबोटीच्या कचेरीत तो खालमानेने तिकिटे देई, संध्याकाळी वाचनालयातून एखादे पुस्तक आणी आणि पडवीत दिवा लागेपर्यंत वाचत बसे. 'माझी बायको' हे दोन शब्द चार माणसांत उच्चारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी ती आली. शब्द जुळवत जुळवत तो वैद्यांच्या घरापर्यंत गेला आणि ओटीवर चढला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

नानावैद्य म्हणजे घाईचा माणूस. रोगी पायरी चढेपर्यंत त्यांनी रोगाचे नाव ठेवलेले असे. त्यांनी हरिश्चंद्राचे मनगट धरले.

"मला नाही, नाना. म्हणजे धडधडतं ते..."

"धडधडतं ना? मग बोलू नकोस. तू काय सांगणार? नाडीला सांगू दे." त्यांनी डोळे मिटले. "हं! बेडूक! उड्या मारतोय नुसता! पित्त आहे, पित्त! वांगं बंद. कुळथाचं पिठलं बंद. रात्रीचं वाचन बंद!"

"पण नाना, घरी..."

"घरी निजून राहायचं! हृदयाचं प्रकरण आहे, थट्टा नव्हे."

ओटीवर कचेरीतला गंगाराम शिपाई खोकल्याचे औषध घ्यायला बसला होता. त्याने 'च् च् च्' केले आणि खोकला विसरून उठला. हरिश्चंद्राच्या हातात पुड्या आल्या. तिथेच एक शब्द तो बोलला असता, तर पुढचे काहीच झाले नसते. पण त्याने विचार केला, धडधड ती धडधड, पुडी ती पुडी. नाडी कोणाची पाहिली याने औषधाला काय फरक पडतो?

"वैद्य काय म्हनले?" येसूने विचारले.

"पित्त," तो म्हणाला. "मधातून घे."

वैद्यांनी भलत्याचीच नाडी पाहिली, हे सांगायची त्याला लाज वाटली. येसूने पुडी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवरून आली ती वेगळाच चेहरा करून, आणि वाटीत मध घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"माजा थांबला आता. उरलेल्या पुड्या तुमी घ्या."

"मी कशाला?"

"घ्या म्हनते ना! घेतल्या तर काय बिघडंल?"

हरिश्चंद्राला वाटले, औषध वाया जाऊ नये म्हणून म्हणत असेल. तिचे थांबले या आनंदात त्याने पुडी घेतली. इतके कडू औषध इतक्या आनंदाने आळीत कोणी घेतले नसेल.

तोवर गंगाराम शिपायाने आपले काम चोख केले होते. कचेरीत एजंटसाहेबांनी हरिश्चंद्राला समोर बसवले आणि मऊ आवाजात म्हणाले, "हरिश्चंद्र, तिकिटं काय, कोणीही देईल. तू घरी पड." साहेब मऊ बोलताहेत हे ऐकूनच त्याला घाम फुटला, आणि घाम पाहून साहेबांनी त्याला टांग्यात घालून घरी पाठवला. टांगा दारात थांबला तशी आळी गोळा झाली. चालत्याबोलत्या माणसाला टांगा कशाला लागतो? बातमी संगमेश्वरला कशी पोचली कोण जाणे, पण दोनच दिवसांत त्याची थोरली बहीण गोदूबाई सर्व्हिस मोटारीतून उतरली, ती दारापासूनच रडत आली.

"हरी रे! माज्या पाठच्या भावा!"

"आक्का, मला काही झालेलं नाही."

"असाच म्हनतात रे! आमच्या चुलतसासऱ्यांनी पण असाच म्हनलान. म्हनलान, आणि पेज जेवता जेवता गेले!"

गोदूआक्काने पडवीत खाट टाकायला लावली, त्याला आडवा केला, उशाखालचे पुस्तक काढून फळीवर फेकले आणि पदर खोचला. पण पदर खोचला तो काम करायला नव्हे, काम सांगायला.

"येसू, ह्याला नाचणीची आंबील कर. येसू, वाळू भाजून आन, छाती शेकूया. येसू, ही मान्सं बघाय आली हायत, त्यांना पोहे कर. अगो, पोहे झाले की च्या ठेव!"

बघायला येणाऱ्यांना खळ नव्हता. कोणी केळी आणली, कोणी शहाळी, कोणी नुसतेच आपल्या ओळखीतल्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी आणल्या. माणसे खाटेभोवती बसत, हरिश्चंद्राच्या चेहऱ्याकडे बघून माना हलवत आणि पोहे खात. तो खाटेवर राजासारखा पडलेला, आणि येसू चुलीकडून पडवीत, पडवीतून विहिरीवर. आजाऱ्याला आराम पडावा म्हणून घरात जे जे चालले होते, ते सगळे तिच्या हातांनी चालले होते.

एका सकाळी त्याने ते पाहिले. येसू भरली कळशी कमरेवर घेऊन अंगणातून येत होती. पायरीशी ती थांबली. कळशी खाली ठेवली, एका हाताने खांब धरला आणि दुसरा हात छातीवर दाबून डोळे मिटून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. मग इकडेतिकडे बघून, कोणी पाहिले नाही अशा समजुतीने, तिने पुन्हा कळशी उचलली.

म्हणजे थांबले नव्हते. थांबले म्हणून ती सांगत होती, आणि तिची पुडी मधातून तो खात होता.

तो खाटेवरून उठला आणि तिच्या हातून कळशी घ्यायला धावला. मागून गोदूआक्काची किंकाळी आली, "मेला! मेला! अगो, धर त्याला!" येसूने कळशी टाकली आणि त्यालाच कवेत धरून खाटेवर आणून निजवला. सांडलेल्या कळशीचे पाणी पायरीभर झाले, ते पुसायलाही तीच बसली, आणि रिकामी कळशी घेऊन विहिरीवर तीच गेली.

"आक्का," तो कळवळून म्हणाला, "धडधड येसूच्या छातीत आहे."

"नाय तर काय! तुजी ही गत, मग तिच्या छातीत धडधडणार नाय?"

"तसं नव्हे! आधीपासून..."

"आधीपासून तुजी काळजी करत्येय ती. सोन्यासारखी बाय हाय रे. तिच्यासाठी तरी बरा हो!"

हरिश्चंद्राने भिंतीकडे तोंड केले. त्याने कितीतरी पुस्तके वाचली होती. बोलणाऱ्या माणसाला मध्येच थांबवावे कसे, हे एकातही लिहिलेले नव्हते. रात्री निजताना तो येसूशी बोलू बघे, पण गोदूआक्का दोघांच्या मध्ये चटई टाकून झोपे. आजाऱ्याला रात्रीचे लागले-सवरले कोण बघणार?

पुड्यांनी गुण येईना, तेव्हा आक्काने गावदेवीला गाऱ्हाणे घालायचे ठरवले. महिपत गुरवाला निरोप गेला. सोमवारी सकाळी देवळात आळी लोटली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. येसूने आदल्या दिवसापासून तोंडात काही घातले नव्हते. नारळ, तांदूळ, फुले, सगळे तिनेच डोक्यावरून आणले होते. हरिश्चंद्राला दोघांनी दोन बगलांत धरून आणून पुढे उभा केला होता.

महिपतने नारळ हातात धरला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दुमदुमले.

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी आली हायत, त्यांचा गाऱ्हाना आयक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुजा हरिश्चंद्र, आगबोटीच्या कचेरीतला, ह्याच्या छातीत जी काय धडधड हाय, ती वाऱ्याची असंल, भुताखेताची असंल, नजरेची असंल..."

"व्हय म्हाराजा!"

बायकांच्या बाजूने एक बारीक, कापरा आवाज बाकीच्यांच्या मागून येत होता. हरिश्चंद्राने तिकडे पाहिले. येसू खांबाला टेकून उभी होती. हात जोडलेले होते, पण छातीशी इतके दाबून धरलेले, की ते देवीला जोडलेत की आतले काही धरून ठेवायला, ते कळत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"...ती ह्या हरिश्चंद्राची धडधड दूर कर, आनि त्येला..."

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात कोणी 'नाय' म्हटल्याचे त्या गावात कोणाच्या आजानेही ऐकले नव्हते. महिपतच्या हातातला नारळ तसाच राहिला.

"कोन म्हनला?" त्याने विचारले.

"मी," हरिश्चंद्र म्हणाला. "नाय म्हाराजा. धडधड माझी नव्हे. येसूची आहे. माझ्या बायकोची. मी तिच्यासाठी वैद्यांकडे गेलो होतो आणि... मला बोलता आलं नाही."

बायकांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्याने बायकोचे नाव घ्यावे, आणि तेही देवीपुढे! गोदूआक्काने कपाळावर हात मारला, "मस्तकात गेला गो बाय! छातीतला मस्तकात चढला!"

पण महिपत मुरलेला गुरव होता. अर्धवट टाकलेले गाऱ्हाणे बरे नसते. त्याने घसा साफ केला आणि नारळ पुन्हा वर धरला.

"बा देवी म्हाराजा, मान्साकडनं बोलन्यात चूक झाली असंल, ती पदरात घे. हरिश्चंद्राच्या नावावरची धडधड येसूबायच्या नावावर कर, आनि मग ती दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, आणि प्रकरण मिटले असे समजून प्रसादाकडे वळले.

हरिश्चंद्र हलका होऊन घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा तो गर्दीत बोलला होता, आणि तेही खरे. गोदूआक्का झाला प्रकार शेजारी सांगायला गेली होती. घरात दोघेच होते. येसूने खाटेवरची चादर झटकली, नीट अंथरली आणि म्हणाली, "निजा."

"आता मी कशाला निजू? तू नीज! ऐकलंस ना देवळात?"

"आयकला." तिने डोळे पुसले. "देवीच्या पुढ्यात खोटा बोललात. माज्यासाठी."

"खोटं?"

"मला काय कळत नाय? गंगाराम शिपायाच्या बायकोनं, सगुणानं, विहिरीवर मला तेवाच सांगितलान, नाडी तुमची बेडकासारकी उडत्येय म्हनून. मी घाबरू नये म्हनून तुमी माजा नाव पुढं केलात. पुड्या मला दिल्यात. आज तर चारचौघांत नाव घेतलात. येवढा करता माज्यासाठी, आनि मी मेली त्या दिवशी धडधड धडधड करीत बसले नसते तर तुमी आपला दुखना तरी बोलला असता!"

हरिश्चंद्र खाटेच्या कडेला बसला. सगळ्या गावाला पटले होते. देवीलाही पटले असावे. पटायचे राहिले होते ते एकाच माणसाला, आणि तेच माणूस आजारी होते.

"येसू, माझ्या छातीत काही नाही गं. बघ हवं तर."

त्याने तिचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. दिवसाढवळ्या, दार उघडे असताना, त्याने तिचा हात असा कधी धरला नव्हता. तो हात थंडगार होता आणि मनगटातली शीर वेडीवाकडी उडत होती. ती उडताना त्याला बोटांना लागली आणि तो मनातून चरकला.

येसूने कान दिल्यासारखे डोळे मिटले. मग उघडले.

"बघा!" ती म्हणाली. "मी म्हनत नव्हते? घनाचे घाव पडतायत!"

पडत होते खरे. हरिश्चंद्राला आपले आपल्यालाच ऐकू येत होते. खरे सांगून झाले होते. त्याचा हा असा उपयोग झाला होता. येसूने हात सोडवून घेतला आणि काढा उकळायला म्हणून ती उठली, तेव्हा पहिल्याच पावलाला तिचा तोल गेला आणि तिने खांब धरला.

"येसू," तो घाईने म्हणाला, "बाजारात तो नवा डॉक्टर आलाय ना, नळी लावून बघतो तो? त्याच्याकडे जाऊ या."

"जाऊ या काय? तुमी जा."

"एकट्याने मला जमायचं नाही. वाटेत काही झालं तर? तू बरोबर चल."

ती विचारात पडली. बाईमाणसाने डॉक्टरकडे जायचे म्हणजे बोभाटा. पण आजारी नवऱ्याला सोबत म्हणून जायला कोण काय म्हणणार?

"लई धडधडतंय का?" तिने जवळ येऊन हळूच विचारले.

हरिश्चंद्राने खाली पाहिले.

"होय," तो म्हणाला.