कुशाबाच्या पोटाचा फोटो

कुशाबाच्या घशात घास अडकायला लागला आणि अख्ख्या उरवड्यात त्याचीच चर्चा सुरू झाली. एकोणीसशे अठ्ठावन्न साली पोटाचा फोटो काढायला पुण्याला निघालेला तो गावातला पहिलाच माणूस. डॉक्टरांनी उपाशीपोटी बोलावलं होतं. नवरा उपाशी म्हटल्यावर बायकोनं, लीलाबाईनं, चहासुद्धा घेतला नाही आणि तशीच ती त्याच्याबरोबर निघाली. एसटीत बसताना कुशाबाची छाती धडधडत होती, भीतीनं कमी, कौतुकानं जास्त.

दवाखान्यातली खोली मात्र काळोखी निघाली. डॉक्टरांनी त्याला यंत्रापुढं उभं केलं, हातात पांढऱ्या दाट औषधाचा पेला दिला. हे पोटात गेलं की आतली वाट पडद्यावर दिसेल, म्हणाले, आणि दिवा घालवला.

कुशाबानं पेला नाकाशी नेला. "चुना हाय ह्यो," तो कुजबुजला. "आतडी पोळतील."

शेजारी उभ्या लीलाबाईनं पेला ओढून एक घोट घेतला. "बघा, जित्ती हाय मी."

एका घोटानं काय कळतंय, असं कुशाबाचं म्हणणं. तिनं दुसरा घेतला. मग तिसरा. गटगट आवाज ऐकून डॉक्टरांनी पलीकडून विचारलं, "संपलं का?"

पेला चाचपून कुशाबा खरं तेच बोलला. "व्हय साहेब, संपलं."

पडद्यावर औषधाचा थेंब दिसेना. डॉक्टरांनी त्याला डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं, पोट दाबलं. शेवटी दिवा लावला, तर लीलाबाईच्या ओठांवर पांढऱ्या मिशा.

डॉक्टर आधी संतापले. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, सकाळपासून काही खाल्लंय का, असं त्यांनी तिलाच विचारलं. ती नाही म्हणाली, तसं तिलाच यंत्रापुढं उभं केलं.

पुन्हा अंधार. डॉक्टर पडद्याजवळ वाकले. "बाई, पोटात कधीपासून दुखतंय?"

"जया झाली तवापास्नं."

"जया केवढी आहे?"

"औंदा लगीन केलं तिचं."

कुशाबा हे पहिल्यांदाच ऐकत होता.

जठराला जखम होती. वेळेवर आलात, भरून येईल, डॉक्टर म्हणाले. औषधं, दर दोन तासांनी दूध, तिखट बंद. मग कुशाबासाठी दुसरा पेला आला. तो त्यानं एका दमात रिकामा केला. त्याच्या घशात नि पोटात काहीच निघालं नाही. नीट चावून खा, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी एसटी थांबली तेव्हा कुशाबाला हात द्यायला चौघं पुढं झाले. "मला काय न्हाई. हिला संभाळून उतरवा," म्हणत तो तरातरा घराकडं सुटला.

मंडळी पोचली तेव्हा तो धुरात डोळे चोळत, जन्मात पहिल्यांदा चूल फुंकत बसला होता. दूध तापतंय, कुणी मधे येऊ नका, असं त्यानं सगळ्यांना बजावलं.

लीलाबाईनं दारातूनच पातेल्यात डोकावून पाहिलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "ते ताक हाय."