हौसा घोरपडीची बर्फावरची कारकीर्द

एका जंगलात, मुलांनो, बर्फ कधीच पडत नसे. म्हणून तिथे आइस हॉकी सुरू झाली.

हसू नका. जंगलाचा कारभार असाच चालतो. मोठे झालात की तुम्हीही त्यात असाल.

झालं असं, की सिंहमहाराज परदेश दौऱ्यावर गेले. तिथे पांढऱ्या अस्वलांनी त्यांना एक खेळ दाखवला. गोठलेल्या तळ्यावर पायांत पात्या लावून पळायचं, काठीनं एक काळी चकती मारायची आणि समोरच्यांच्या जाळ्यात घालायची. महाराजांना खेळ काही कळला नाही. पण खुर्ची उबदार होती आणि मासे ताजे होते. परत येताच त्यांनी फर्मान काढलं : ज्या कॉलेजात आइस हॉकीचा संघ असेल, त्यालाच 'अ' दर्जा मिळेल.

आमच्या कॉलेजचे प्राचार्य होते बगळे सर. स्वच्छ पांढरे, आणि विचार करताना एका पायावर उभे राहणारे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली.

"पण सर, बर्फ कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"आधी संघ, मग बर्फ," सर म्हणाले.

बर्फ मिळाला पाणमांजरांच्या कारखान्यात. तिथे मासळीसाठी बर्फाच्या लाद्या बनत. संध्याकाळी कामगार घरी गेले की आम्ही लाद्यांवरचा भुसा झाडायचो, लाद्या एकमेकींना लावून अंथरायचो आणि खेळायचो. आमच्या मैदानाला मासळीचा वास येई. आमच्या पदकांनाही येतो.

कोच म्हणून निवृत्ती सरांना नेमलं. ते अस्वल होते, काळे. त्यांनीही हा खेळ कधी पाहिला नव्हता. पण पांढऱ्या अस्वलांशी त्यांचं लांबचं नातं असल्याचं त्यांनी अर्जात म्हटलं होतं.

आता हवी होती गोलकीपर. म्हणजे जाळ्यासमोर थांबून चकती अडवणारी. सगळे पटापट मागे सरकले. जी वेळेवर सरकली नाही, ती मी.

माझं नाव हौसा. मी घोरपड आहे.

"तुला काय येतं?" निवृत्ती सरांनी विचारलं.

"भिंतीला चिकटता येतं, सर."

सरांनी मला उचललं आणि जाळ्यासमोर आडवी घातली. नाकापासून शेपटीपर्यंत मी जाळ्याच्या तोंडाएवढी भरले.

"झाली निवड," सर म्हणाले.

मला फणसाच्या सालींचे पॅड बांधले, डोक्यावर करवंटी घातली आणि बर्फावर ढकललं.

तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल, मुलांनो. घोरपडीचं रक्त गार. ऊन असलं की ती चपळ, गारठा पडला की लाकूड. कॉलेजात हे शिकवतच नाहीत. पहिला सामना सुरू झाला आणि जरा वेळात मी पूर्ण आखडले. डोळे उघडेच राहिले, कारण ते मिटायला लागते तेवढी ताकदही उरली नव्हती.

समोरच्या संघात सशिणी होत्या. त्यांनी पहिली चकती मारली, ती माझ्या कपाळावर आपटली. मी हलले नाही. दुसरी गालावर. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. असं कुणी एकटक बघत राहिलं की समोरचा चिडतो. "हिचे डोळे मिटवून दाखवतेच!" म्हणत त्या सगळ्या माझ्या तोंडावरच नेम धरू लागल्या. जाळ्याचे कोपरे कुणाला आठवलेच नाहीत.

प्रेक्षकांत कुजबूज सुरू झाली. "काय धैर्य आहे हो! पापणीसुद्धा लवत नाही!"

खरं सांगायचं तर मी तेव्हा एक वाक्य बोलायचा प्रयत्न करत होते. 'सगुणा, मला बाहेर काढ, मी मेले.' पण जीभच उचलत नव्हती.

सगुणा म्हणजे आमच्या संघातली साळिंदर. माझ्यापुढे उभी राहून ती बचाव करायची. आमच्यात खेळ येणारी तेवढी एकच. ती धावायची, आडवी पडायची, काटे मोडून घ्यायची. सामना संपला की मला पाठीवर टाकून बाहेर न्यायची आणि ऊन आलं की खडकावर ठेवायची. तिच्या पाठीला काटे होते, पण मला त्या अवस्थेत काही टोचत नसे. तेवढीच सोय.

त्या पहिल्या सामन्यानंतर, सकाळच्या उन्हात, माझी जीभ सुटली. नेमका तेव्हाच वर्तमानपत्राचा पोपट मुलाखतीला आला होता. वाक्याचा सुरुवातीचा भाग बर्फावरच विरला होता. बाहेर आले ते शेवटचे दोन शब्द : "...मी मेले."

दुसऱ्या दिवशी मथळा होता : ''मी'पण मेले! हौसाताईंच्या यशाचे रहस्य.'

मी पोपटाला शोधून काढलं. म्हटलं, "अहो, मी गोठले होते!"

"वा!" पोपट लिहून घेत म्हणाला. "खेळात इतकं गोठून जायचं म्हणजे साधना हवी."

मग काय, मुलांनो, आम्ही जिंकतच सुटलो. कॉलेजला 'अ' दर्जा मिळाला. चौकाचौकांत माझे फ्लेक्स लागले. त्यांतही माझे डोळे उघडेच. बगळे सर मला ठिकठिकाणी व्याख्यानाला नेऊ लागले. विषय : 'चित्त स्थिर कसे ठेवावे.' पहिल्या व्याख्यानात मी चाचरले. दुसऱ्यात जरा जमलं. तिसऱ्यापासून मला स्वतःलाच पटू लागलं. श्वास कसा घ्यावा, चकतीकडे चकती म्हणून न बघता कसं बघावं, हे मी हातवारे करून सांगायचे. लहान सरडे वह्या घेऊन पुढे बसायचे.

एकदा आई सामना बघायला आली. नंतर मला कुरवाळत म्हणाली, "अगं हौसे, गारठली आहेस तू."

मी तिच्याकडे दयेनं बघितलं. आईच ती, तिला खेळातलं काय कळणार!

असं करत शेवटचं वर्ष आलं आणि आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर पठारावरचं कॉलेज होतं. जो संघ जिंकेल, तो पांढऱ्या अस्वलांच्या देशी जाणार होता.

सगुणा हल्ली दुसरं काही बोलतच नव्हती. "तिथलं तळं पार आभाळ टेकतं तिथपर्यंत गोठतं म्हणे," ती सांगायची. "लाद्या जोडाव्या लागत नाहीत. फटीत पाती अडकत नाही. एकदा सरळ सुटायचंय गं, हौसा. कुठेही न अडखळता."

सामन्याआधी माझा सत्कार झाला. मेंढ्यांच्या लोकर सोसायटीनं मला एक कोट दिला. जाड, बटणांचा, आणि आतून गरम वाळूच्या पुरचुंड्या शिवलेला. पाठीवर सोसायटीचं नाव मोठ्या अक्षरांत.

"हा घालूनच खेळायचं," बगळे सर म्हणाले. "देणगी मोठी आहे."

मी कोट घातला आणि बर्फावर गेले.

आणि मुलांनो, मी आखडलेच नाही! बोटं हलत होती. मान वळत होती. मला गर्दी दिसली, दिवे दिसले. बर्फावरून पात्या सरकतानाचा खरखर आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. केवढा छान असतो तो! मी मान वळवून समोर पाहिलं.

समोर झुंबर होती.

झुंबर ही त्यांची आघाडीची खेळाडू. मुंगूस. आमच्या घरांत पोर जेवत नसलं की मुंगसाचं नाव घेतात. ती काठी घेऊन सुसाट येत होती, आणि चकती एवढी मोठी असते, एवढ्या वेगानं येते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी किंचाळले. जाळं सोडलं आणि सरळ कारखान्याच्या भिंतीवर चढले.

गोल.

मला खाली उतरवलं. पुन्हा झुंबर आली, पुन्हा मी भिंतीवर. गोल. तिसऱ्या वेळी मी भिंतीवर गेले नाही, जाळ्याच्या मागे लपले. चौथ्या वेळी डोळे गच्च मिटून घेतले. मला डोळे मिटता येतात हे बघून प्रेक्षकांत हाहाकार झाला.

मध्यंतराला बगळे सर दोन्ही पायांवर उभे होते. म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

"काढा तो कोट!" ते ओरडले. "जाहिरात पुष्कळ झाली."

निवृत्ती सरांनीही मान हलवली. मी बटणं सोडू लागले. दुसरं काय करणार? कोट काढला की पुन्हा लाकूड होणार, चकत्या तोंडावर घेणार, कदाचित जिंकूही.

"राहू दे," सगुणा म्हणाली.

ती कोपऱ्यात बसून पायातला मोडका काटा उपसत होती.

"अगं, पण तुझं तळं?"

"तळं तळ्याच्या जागी राहील." तिनं काटा फेकून दिला. "इतकी वर्षं मी एका ओंडक्यापुढे खेळतेय, हौसा. हाक मारली तर ओ नाही. चुकले तर शिवी नाही. जिंकले तर टाळी द्यायला हात नाही. घरी नेऊन वाळत घालायची, झालं. आज तू पहिल्यांदा तोंड उघडलंस."

"भीतीनं किंचाळले गं मी."

"किंचाळलीस ना? मग आता शब्द घालून किंचाळ. डावीकडून आली की 'डावी', उजवीकडून आली की 'उजवी'. बाकीचं मी बघते."

मी बटणं परत लावली. बगळे सरांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या डावात मी इतकी ओरडले की घसा बसला. "डावी! डावी! सगुणा, मागे बघ!" आणि सगुणा वळायची, अडवायची, चकती पुढे ढकलायची. अधूनमधून माझ्याकडे बघून हसायचीही. आमचे दोन गोल झाले. मग तिसरा झाला. मी जाळ्यासमोर उड्या मारत होते. करवंटी नाकावर आली होती. ध्यान दिसत असणार मी अगदी.

शेवटी शेवटी झुंबर सगुणाला चुकवून सुटली. मध्ये कुणी नव्हतं. फक्त ती आणि मी.

भिंत डाव्या हाताला होती, अगदी जवळ. माझे पाय आपोआप तिकडे वळले. मी नखं बर्फात रोवली. झुंबरनं काठी मागे घेतली. मी डोळे उघडे ठेवले, या खेपेला मुद्दाम, आणि तिनं मारताक्षणी हात बाहेर टाकला.

चकती पंजावर आपटली आणि बाहेर गेली.

अशी कळ गेली म्हणून सांगू! पार खांद्यापर्यंत. मी बर्फावर लोळण घेतली. त्या गडबडीत शिट्टी झाली आणि सामना संपला. आम्ही एका गोलनं हरलो होतो.

त्या संध्याकाळी मला कुणी उचलून न्यावं लागलं नाही. मी आणि सगुणा चालत घरी निघालो. तिचे डोळे ओले होते, ते मी पाहिलं. तळं तिला हवंच होतं.

"सगुणा," मी म्हटलं, "हात फार दुखतोय गं."

"दुखणारच," ती म्हणाली. "अडवलीस ना."

आणि तिनं माझ्या दुसऱ्या हातावर टाळी दिली.

पोपटानं लिहिलं : 'हौसाताईंचे चित्त ढळले.' फ्लेक्स उतरले. व्याख्यानं थांबली. लहान सरडे दुसऱ्या कुणाच्या तरी पुढे जाऊन बसू लागले. राजदरबारच्या निवड समितीनं माझ्या नावापुढे शेरा मारला : 'क्षमता उत्तम, परंतु ऐन वेळी हलली.'

त्यांनी गोलकीपर म्हणून एक अजगर निवडला. विजेत्या संघाबरोबर तो पांढऱ्या अस्वलांच्या देशी गेला आणि खूप गाजला. तिथे ऊन फारसं पडत नाही, त्यामुळे त्याचं स्थैर्य काही केल्या सुटत नाही. तळ्याकाठी त्याचा पुतळा उभारल्याचं सांगतात. बघून आलेले काहीजण म्हणतात, तो पुतळा नाही.

तात्पर्य : जाळ्यासमोर उभं राहायची पाळी आली, तर मुलांनो, आधी नीट गोठून घ्या. गोठलेल्याला भीती वाटत नाही, मार लागत नाही आणि त्याचा सत्कार चुकत नाही. एवढं सांगूनही कुणाला हलावंसं वाटलंच, तर हात बाहेर टाकताना बोटं जुळवून ठेवा. माझी करंगळी अजून वाकडी आहे. या, एकेक जण पुढे या, दाखवते.